फॉर्म शेवटी भरायला शिकवणाऱ्या भाऊसाहेबांस

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण आभार तुमचे मानायचे असले तरी तुम्ही लावून दिलेली कामाची रीत आणखी लोकांच्या हाती लागावी असं मनापासून वाटतं. निराधारांचे अर्ज भरून देणारे आमच्यासारखे गावोगाव आहेत. कोणी बचत गटातल्या ताई, कोणी सेतू केंद्रावरचा मुलगा, कोणी निवृत्त गुरुजी. फॉर्म सगळ्यांना भरता येतो, तो टिकवता येत नाही. तहसीलच्या संजय गांधी शाखेत अव्वल कारकून म्हणून तुम्ही काम केलंत, निवृत्तीनंतर घरी न बसता आम्हाला हाताशी धरलंत आणि एकच गोष्ट परत परत सांगितलीत: फॉर्म हा सगळ्यात शेवटी भरायचा कागद. आधी माणूस कोणत्या रकान्यात बसतो ते ठरवा, मग कागद एकमेकांशी ताडून पाहा. कार्यालयाला सापडणारी चूक आपल्याला आधी सापडली पाहिजे.

माणूस येतो तो 'माझा पगार चालू करून द्या' म्हणत. कोणता पगार, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची, वय १८ ते ६५ च्या आतल्यांसाठी. ६५ पूर्ण झाली की श्रावणबाळ ही ज्येष्ठांची योजना. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर केंद्राचं इंदिरा गांधी निवृत्तीवेतन जोडीला येतं आणि उरलेली रक्कम राज्य भरून देतं. जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. एवढं फलकावरही लिहिलेलं असतं. 'निराधार' या एका नावाखाली किती जण येतात, ते मात्र तुमच्यामुळे कळलं. विधवा आणि दिव्यांग सगळ्यांना माहीत असतात. पण नवऱ्याने टाकलेली, घटस्फोटाचा दावा चालू असलेली, पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री, तुरुंगात असलेल्या माणसाची बायको, देवदासी, तृतीयपंथी, कर्करोग किंवा पक्षाघाताने घरी बसलेला माणूस, हे सगळे 'आपल्यासाठी काही नसतं' असं धरून चालतात. परित्यक्ता बाईने विधवेच्या रकान्यावर खूण केली की मृत्यू दाखला मागितला जातो, तो नसतो आणि अर्ज पडतो. ती पात्र असते, चुकलेली असते फक्त खूण.

उत्पन्नाच्या बाबतीत तर तुमचे उपकार फार मोठे आहेत. मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५०. दिव्यांगांसाठी ५०,०००. ही मर्यादा अतिशय तोकडी आहे, हे तुम्ही नोकरीत असतानाही म्हणत होतात आणि आम्हीही म्हणतो. पण पात्र माणूसही इथे कसा बाद होतो, ते तुम्ही दाखवलंत. दाखल्यासाठी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) विचारतात, रोज किती? बाई म्हणते ३००. मग कोणीतरी ३०० ला ३० ने गुणतं, महिन्याचे ९,००० होतात आणि वर्षाला लाखाच्या वर आकडा जातो. प्रत्यक्षात तिला काम मिळतं पेरणीला, खुरपणीला आणि काढणीला. साठ दिवस भरले असतील तर १८,००० होतात. हिशेब मजुरीचा नाही, मिळालेल्या दिवसांचा करायचा आणि तोही चौकशीला जाण्याआधी बाईला बसवून, महिना महिना विचारत. आणि उत्पन्न खरंच जास्त निघालं तर तोंडावर सांगायचं की या योजनेत बसत नाही. कमी दाखवून मिळवलेलं अनुदान पडताळणीत बंद होतं आणि वसुली मागे लागते. ती बाई गावात चोर ठरते, हे तुमचे शब्द आम्ही विसरलेलो नाही.

आता तुमची ती आडवी वही. तिच्यासाठी वेगळे आभार, कारण आमच्या कामातला निम्मा त्रास तिने कमी केला. एका माणसाला एक पान आणि पानावर रकाने: आधार, रेशनकार्ड, पासबुक, मतदार यादी, शाळेचा किंवा वयाचा दाखला, मृत्यू दाखला. प्रत्येक रकान्यात नाव जसं छापलंय तसंच उतरवायचं, काना-मात्रेसकट. इंग्रजी स्पेलिंगही अक्षर न अक्षर. आधारवर 'कमल दत्तू', रेशनकार्डावर 'कमलाबाई दत्तात्रय', नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावर 'दत्तात्रेय', पासबुकात माहेरचं आडनाव. घरच्यांना यात वावगं काहीच दिसत नाही, कारण बाई तर एकच आहे. पानावर शेजारी शेजारी लिहिलं की आपल्याला मात्र चार बायका दिसतात, आणि छाननी करणाऱ्याला त्या तशाच दिसणार आहेत.

मग दुरुस्ती कोणत्या कागदात करायची? इथे घाईने आधार केंद्र गाठणाऱ्यांना तुम्ही थांबवलंत. आधारमध्ये नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ती संधी उगाच वाया घालवायची नाही. जो कागद बदलायला सगळ्यात अवघड, त्याला खुंटी धरायचं आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यायचे. मृत्यू दाखल्यातली चूक ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निबंधकाकडे दुरुस्त होते. रेशनकार्डाची पुरवठा शाखेत, पासबुकाची बँकेत. दुरुस्तीची पोच हातात आल्याशिवाय पुढचा कागद हलवायचा नाही, नाहीतर दोन कागद दोन दिशांना बदलतात आणि गोंधळ दुप्पट होतो.

जन्मतारखेचंही तसंच. आधारवर १ जानेवारी ही तारीख दिसली की समजायचं, वय अंदाजाने टाकलेलं आहे. आधार हा जन्मतारखेचा पुरावाच नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळाला तर उत्तम, नसेल तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला. आणि आजीबाई कागदोपत्री ६२ च्याच भरत असल्या तर 'तीन वर्षांनी या' म्हणून परत पाठवायचं नाही. श्रावणबाळमध्ये बसत नसल्या तरी संजय गांधीत बसतात का ते आधी बघायचं. कितीतरी जणी या एका वाक्याने घरी परत गेलेल्या असतात.

पतीचा मृत्यू नोंदवलेलाच नाही, असं प्रकरण आलं की आम्ही पूर्वी हात टेकायचो. नोंद २१ दिवसांत करायची असते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. वेळ लागतो, पण वाट आहे. गावात कोणी गेलं की त्याच आठवड्यात नोंदीची आठवण करा, हे तुमचं सांगणं आता बचत गटांच्या बैठकीत कायमचं झालंय. कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं आणि गेलेला कर्ता माणूस १८ ते ५९ वयातला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये वेगळे मिळतात. विधवेचा अर्ज घेताना हा दुसरा अर्जही त्याच बैठकीत भरायचा, कारण कागद बहुतेक तेच लागतात आणि दुःखातल्या बाईला परत परत बोलवू नये.

डिसेंबर २०२४ पासून अनुदान डीबीटीने थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येऊ लागलं आणि तक्रारींचा रंगच बदलला. 'मंजूर आहे, पण पैसे नाहीत.' बँकेत जाऊन आलेला माणूस शपथेवर सांगतो की आधार लिंक आहे. आणि तो खोटं बोलत नसतो. बँकेने केवायसीसाठी आधार क्रमांक नोंदवलेला असतो. पण डीबीटीसाठी एनपीसीआयच्या (बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत तो क्रमांक त्या बँकेशी जोडलेला असावा लागतो, ज्याला सीडिंग म्हणतात, आणि ते संमतीचा वेगळा फॉर्म भरून दिल्यावर होतं. पुन्हा एका आधारला त्या नोंदीत एकच बँक. शेवटी जिने जोडून घेतलं, पैसे तिकडे जातात. सिमकार्ड घेताना किंवा कुठल्या शिबिरात अंगठा दिला, त्यातून नवं खातं उघडलं गेलं आणि अनुदान तिकडे साचत राहिलं, असं सर्रास घडतं. म्हणून तुम्ही क्रम लावून दिलात: आधी माय आधारच्या संकेतस्थळावर मोबाईलचा ओटीपी घालून बँक सीडिंगची स्थिती पाहायची. तिथे बँकेचं नाव आणि जोडणी सक्रिय आहे की नाही ते दिसतं. नाव दुसऱ्याच बँकेचं निघालं तर आधी तिथली शिल्लक तपासायची, तहसीलला भांडायला नंतर जायचं. आणि यासाठी मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा, तोही स्वतःचा किंवा घरातल्या भरवशाच्या माणसाचा. दुकानदाराचा किंवा दलालाचा नंबर घालू देऊ नका, हे तुम्ही किती कळकळीने सांगता ते आम्ही ऐकलंय.

लाडकी बहीण आल्यावर घोळ आणखी वाढला. बायका दोन्हीकडे अर्ज भरू लागल्या. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त घेणारीला तो लाभ नाही, हे शांतपणे समजावणारे गावात तुम्हीच होतात. त्या बायकांचं पुढचं वसुलीचं भय तुम्ही टाळलंत.

दिव्यांगांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचं तर ४० टक्के किंवा त्याहून जास्तचा दाखला आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), हे आता बहुतेकांना कळलंय. पण दाखला तात्पुरता आहे की कायमचा, त्यावर मुदत कोणती, हे कोणी वाचत नाही. मुदत संपते आणि अनुदान थांबतं. वहीच्या पानाच्या कोपऱ्यात लाल शाईने ती तारीख लिहायची सवय तुमचीच. हयातीच्या दाखल्याचंही तसंच. तो दर वर्षी द्यावा लागतो आणि अंथरुणाला खिळलेल्यांचा दाखला कोण नेऊन देणार, हे आधीच ठरवून ठेवायचं. श्रम करून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, तेव्हा डोळ्यांचं किंवा चेहऱ्याचं प्रमाणीकरण मागायचं. ते मागता येतं, हेच कित्येकांना माहीत नसतं.

आणि पोच. अर्जाच्या दोन प्रती, एक बारनिशीत (आवक-जावक नोंदवणाऱ्या टेबलावर), दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. 'राहू द्या इथे, बघतो' म्हणून ठेवून घेतलेला अर्ज हा दिलेलाच नसतो, असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यात तुमची आख्खी नोकरी बोलते. पोच असेल तरच पुढचं सगळं करता येतं. उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला किंवा नाकारला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, आणि त्यानंतर तिसरं लोकसेवा हक्क आयोगाकडे. अनुदानाचा अर्ज मंजुरी देणाऱ्या समितीपुढे गेला की नाही हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, फक्त पुरावा जोडायचा. तोंडी 'नामंजूर झालं' ऐकून घरी यायचं नाही. कारण लेखी मागायचं, कारण लेखी नकारात नेमकी त्रुटी असते, आणि त्रुटी कळली की बरेच अर्ज दुसऱ्या फेरीत मंजूर होतात.

यात कार्यालयातल्या माणसांवर तुम्ही कधी राग काढू दिला नाहीत, याचेही आभार. एका टेबलावर किती प्रकरणं येतात, समितीची बैठक लांबली की काय होतं, हे तुम्ही आतून पाहिलंय. नीट लावलेला गठ्ठा दिला, वर अनुक्रमणिका ठेवली, पान क्रमांक टाकले की समोरच्या कारकुनाचंही काम हलकं होतं, आणि त्याने त्रुटी काढली तर ती खरी असते. आम्ही तसंच करतो आणि फरक दिसतो.

तुमच्याकडून शिकलेली एक सवय मात्र सगळ्यात वर ठेवतो. माणूस समोर बसल्यावर आधी कागद मागायचे नाहीत. आधी विचारायचं, घरात कोण कोण आहे, चूल कशावर चालते, औषधं कोण आणतं. योजनेचं नाव त्या उत्तरांतून निघतं, आणि बऱ्याचदा माणूस जे मागायला आलेला असतो त्यापेक्षा त्याला जास्त मिळण्यासारखं असतं. रेशनकार्डात सुनेचं नाव नाही, नातवाचं धान्य येत नाही, हे अशाच गप्पांत कळतं.

भाऊसाहेब, तुमच्या वहीचे रकाने आम्ही छापून घेतलेत आणि शेजारच्या गावांतल्या ताईंना वाटतोय. पहिल्या अपिलाचा मसुदाही सोप्या मराठीत तयार केलाय: पोचेचा क्रमांक, मुदत संपल्याची तारीख आणि मागणी, सगळं एका पानात. पुढच्या आठवड्यात तो तुमच्याकडे पाठवतो. लाल शाईचं पेन जवळ ठेवा, आणि जिथे खटकेल तिथे खोडा.

तुमच्या ऋणात,
तुमच्याकडे काम शिकलेले आम्ही सगळे