घाट उतरताना न्यूट्रल नको

महोदय,

कुंभार्ली, आंबा घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही दिसतात. ही सवय कार्बोरेटरच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या काळातली. इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन मोजून फवारणाऱ्या आजच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होते. चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. चढाला जो गिअर, तोच उताराला, हे जुन्या चालकांचे सूत्र आजही खरे आहे. पेट्रोल वाचवायचेच असेल तर टायरमधली हवा टायर थंड असतानाच, दाराच्या खांबावरील स्टिकरप्रमाणे भरावी. टपावरचा रिकामा कॅरिअर काढून ठेवावा. घाटमाथ्यावर ‘गाडी गिअरमध्येच ठेवा’ असे ठळक फलक लावावेत, ही बांधकाम खात्याला कळकळीची विनंती.

– एक वाहनचालक, चिपळूण