खारीवाल्या चाचांस सलाम, अक्रोडाच्या पाईबद्दल

चाचा, सलाम.

तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "चल, आधी चहा घे" म्हणून विषय मोडता. दोनदा अनुभव घेतला. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला पळवाट नाही. नातवाकडून वाचून घ्या.

अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, ती ऑर्डर माझ्यासाठी साधी नव्हती. गिऱ्हाइकाचं घर माळकरी, सगळ्या माहेरवाशिणी जमणार, पुरणपोळी-आमरस तर होताच, पण थोरल्या लेकीला परदेशात खाल्लेली पेकन पाई हवी होती, मैद्याच्या पारीत पेकन या सुक्या मेव्याचं गोड सारण भरून भाजलेली. पेकन भुसावळात कुठे शोधत बसायचं? त्याच कुळातला अक्रोड घेतला. सारणात गूळ, लोणी, आटवलेलं दूध, थोडं कॉर्नफ्लोअर, अंडं नाही. पाई भाजून, पूर्ण गार करून, डबे बंद करून फ्रिजमध्ये गेल्या आणि दुपारी आमच्या गल्लीतल्या डीपीने मान टाकली, लाईट गेली. बाहेर 44 अंश. लाईनमन म्हणाला, "ताई, आज रात्रीचं काही धरू नका." ह्यांची गाडीवर ड्यूटी, घरात मी आणि सासूबाई. दार न उघडता फ्रिज चारेक तास गारवा धरतो, एवढं ठाऊक होतं. त्यातले दोन तर फोन करण्यातच गेले.

त्या फोनांबद्दल थोडं बोलायलाच हवं. पहिला फोन केला त्या क्लासला, जिथे चांगली फी मोजून मी ही पाई शिकले. उत्तर काय मिळालं? "मॅम, स्टोरेज ॲडव्हान्स बॅचमध्ये कव्हर होतं." म्हणजे पदार्थ करायचा बेसिकमध्ये आणि वाचवायचा ॲडव्हान्समध्ये! याच बाईंनी शिकवताना सांगितलं होतं की पाई रूम टेंपरेचरला आठवडाभर राहते. कुठल्या रूमच्या? आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ओट्यावरचं लोणी सकाळी दहालाच तेल होतं.

दुसरा फोन मोठा फ्रीझर असलेल्या एका डेअरीवाल्याला. दूध, दही, श्रीखंड, वर्षभराचं गिऱ्हाईक मी त्यांचं. "अंड्याचं असेल, आमच्या मालाला वास लागेल," एवढं बोलून फोन ठेवला. अंडं नाही म्हणायलाही सवड दिली नाही. तिसऱ्या एक ओळखीच्या बाई, त्यांनी मदत सोडून "एवढी ऑर्डर घ्यायचीच कशाला?" यावर प्रवचन दिलं. काखा वर करायच्या असतील तर करा हो, पण वर उपदेश कशाला?

मग सासूबाई म्हणाल्या, "त्या खारीवाल्या भाऊंकडे जाऊन पाहा, त्यांच्या गल्लीत लाईट आहे." तुमची-माझी ओळख किती? सकाळी टोस्ट आणि पाव, तेही नव्वद टक्के वेळा पोरगा आणतो. तरी रिक्षात डबे मांडीवर घेऊन आले.

तुमच्या पोऱ्याने पहिला डबा उघडायला हात घातला आणि तुम्ही ओरडलात, "उघडू नको! समोर कूलर आहे." कूलरची ओली हवा गार मालावर बसली की पाणी सुटतं, हे तुम्ही त्याला तिथल्या तिथे सांगितलंत. तुम्ही आयुष्यात पाई केलेली नाही, मला विचारलंतही, "आत काय असतं?" पण खारी भाजता भाजता केस पांढरे झालेत तुमचे. "खारीला मारतं कोण? पाणी," म्हणालात. गरम माल झाकला तर वाफ बाहेर जात नाही, झाकणाला थेंब धरतात, तेच थेंब पारीवर पडतात आणि पारी लिबलिबीत होते. एवढ्या फीमध्ये मला जे मिळालं नाही ते तुम्ही डबे उचलता उचलता सांगून टाकलंत.

पण माझ्या मनात जे बसलंय ते पुढचं.

कोल्ड्रिंकच्या फ्रिजचा खालचा कप्पा तुम्ही रिकामा केलात. सणाच्या आदल्या दिवशी, ऐन विक्रीच्या वेळी, बाटल्या बर्फाच्या टबात गेल्या. तेवढ्यानेच मला रडू आलं असतं. मग तुम्ही विचारलंत, "बेटा, माल कोणाकडे जायचाय?" मी म्हटलं, माळकरी आहेत. तुम्ही काही बोलला नाहीत. वरच्या कप्प्यातले अंड्यांचे ट्रे स्वतः काढून मागच्या खोलीत नेऊन ठेवलेत. मग एका भांड्यात कोमट पाण्यात सोडा कालवलात, फडका पिळलात आणि तो कप्पा, त्याची जाळी, दाराची रबरी पट्टीसुद्धा बोट घालून पुसलीत. ती पट्टी कोणी पुसतं का? मी स्वतःच्या घरची दिवाळीला पुसते. टोस्टच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर "ताईंचा माल, हात लावू नये" असं लिहून आत उभा केलात.

"अक्रोड वास ओढतो," एवढंच कारण तुम्ही दिलंत. ते खरंही आहे. अक्रोडात तेल भरपूर, आणि ते तेल आजूबाजूचा कांदा-लसूण, मसाला सगळं धरून ठेवतं. उष्णतेने, हवेने लवकर खवटही होतं, बदामापेक्षा लवकर. पण अंड्यांचे ट्रे तुम्ही वासासाठी काढले नाहीत, चाचा. ज्या लोकांना तुम्ही कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, ज्यांना हे कधी कळणारही नाही, त्यांच्या नेमासाठी काढलेत. मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं, माझं सगळं लक्ष गारव्यावर. डेअरीवाल्याने न विचारता अंड्याचा संशय घेतला, आणि तुम्ही न सांगता अंड्यांचे ट्रे हलवलेत. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळं पाल्हाळ.

रात्री उशिरा लाईट आली. सकाळी पाई घेऊन गेले तेव्हा पारी टणटणीत होती. यजमानीणबाईंनी ओव्हनमध्ये 160 अंशावर दहा-बारा मिनिटं गरम करून वाढली. जावईमंडळींनी आमरस बाजूला सारला म्हणतात. खानदेशात अखाजीला आमरस बाजूला सारणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

नंतर मी थोडं वाचलंही. अमेरिका हे पेकन पाईचं माहेर, त्यांचं कृषी खातं सांगतं की अंड्या-दुधाचं सारण असलेली पाई गार झाल्यावर दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या वर नाही. मग आपल्याकडे तर उन्हाळाभर एकच तास. फ्रिज 4 अंशांवर किंवा खाली, आणि तीन-चार दिवसांत संपवायची. दुकानातली जी पाई बाहेर मांडलेली दिसते तिच्यात टिकवायची औषधं असतात. घरच्या पाईला तो नियम लावायचा नाही. जास्त दिवस हवी तर फ्रीझर: आधी प्लास्टिकच्या पापुद्र्यात घट्ट, वरून फॉइल, महिना-दोन महिने चव टिकते. काढल्यावर मात्र ओट्यावर नाही, रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायची. मी आता प्रत्येक डब्यावर भाजल्याची तारीख लिहिते आणि गिऱ्हाइकाला हे सगळं तोंडाने सांगते. फुकट. ॲडव्हान्स बॅच वगैरे काही नाही.

भली माणसं तुमच्यासारखी पाहून मला एक कळत नाही. अडलेला माणूस दारात आला की काही जणांना आधी त्याची चूक शोधाविशी का वाटते? तुम्ही मला ऑर्डर का घेतली विचारलं नाहीत, घरचा जनरेटर नाही का विचारलं नाहीत. "किती वेळ झाला बंद होऊन?" एवढंच विचारलंत आणि बाटल्या काढायला लागलात. शेजारचा मोबाइलवाला पोरगा उगाच उभा होता, तोही "काय झालं भो" करत बाटल्या उचलायला आला. एकाने हात लावला की दुसरा लावतो, हेही त्या दिवशी पाहिलं.

आता व्यवहाराचं. टबातल्या बर्फाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ते मी चाचीकडे दिलेत, परत पाठवू नका. त्या धांदलीत पोऱ्याच्या हातून फुटलेल्या बाटल्या त्याच्या पगारातून कापू नका, त्या माझ्याकडे लिहा. या पत्रासोबत एक छोटी पाई आहे, काल भाजलेली, तारीख झाकणावर आहे. चाचीला साखर आहे, तिला बोटभरच द्या. आणि ट्रे हलवायची गरज नाही, ही अंड्याची आहे.

तुमची,
टोस्टवाली ताई