ती अजून पुलावरच उभी आहे

प्रिय बंड्या,

तीन वर्षांत पत्र नाही म्हणून तू शिव्या घालशीलच. मीही स्वतःला घालून झाल्या आहेत. तब्येत ठीक, चष्म्याचा नंबर तेवढा वाढला. आता मुद्द्याचं.

आपली गोष्ट मी पूर्ण केली. हो, तीच, वहीतली. ईरा, निषाद, समांतर विश्वं, तो पाठलाग, सगळं. तुला न सांगता. रागावलास तरी पुढे वाच.

परवा भाचीला वाचायला दिली. सोळाची आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिली त्यांच्यातलीच. एका रात्रीत संपवली. मी कौतुकाच्या तयारीत बसलेलो, तर म्हणते, "मामा, ईरा ज्या मुलीच्या अंगात शिरते, तिला कुणी विचारलं का?"

तू नेमकं हेच म्हणाला होतास. तेव्हा "प्रेमकथेचा पंचनामा करू नकोस" असं मी सुनावलं आणि आपण महिनाभर बोललो नाही. (फिजिक्सवरची भांडणं वेगळी. ती रोजचीच होती.)

सातवं प्रकरण आठव. तिसऱ्या विश्वातली ईरा निषादला सोडून गेलेली आहे. का गेली, ते आपण कधी ठरवलंच नाही. आपली ईरा तिच्या शरीरात शिरते, त्याला पुलावर बोलावते, पाऊस, मिठी, ओठांवर ओठ. (पाऊस तुझा, मी नाकारत नाही.) मारेकरी बंदूक रोखतो आणि ईरा ऐन क्षणी पुढच्या विश्वात उडी मारते. वाचणाऱ्याचा श्वास सुटतो.

आणि ती दुसरी? डोळे उघडते तर मध्यरात्र, आपण होऊन सोडलेल्या माणसाची मिठी आणि समोर बंदूक. मी तिच्यासाठी एक वाक्यसुद्धा खर्च केलं नाही. तिला तिथेच टाकून ईराच्या मागे पळालो. निषादचंही तेच. बिचाऱ्याला वाटतंय, ती परत आली.

तू सारखा त्या फिजिक्सवाल्या एव्हरेटचा, समांतर विश्वांच्या कल्पनेमागचा १९५७ चा प्रबंध पुढे करायचास. विश्वाच्या फांद्या एकदा वेगळ्या झाल्या की एकीतून दुसरीत उडी नाही, साधा निरोपही नाही. मी म्हणायचो, मग निषाद भेटणार कसा? तू म्हणायचास, नको भेटू दे. अरे, अशानं पुस्तक होतं का! पण आता वाटतं, त्या नियमानं सगळ्या विश्वांतल्या ईरांना केवढं जपलं होतं. कुणी कुणाच्या घरात शिरायचं नाही. कुलूप मी तोडलं, तेही एका चुंबनासाठी.

एव्हरेटचा लांबलचक प्रबंध छाटून घ्यायला त्याचा मार्गदर्शक व्हीलर होता. मला तू होतास, तर तुलाच मी हाकललं.

चार रात्री तिचं प्रकरण लिहायला बसतोय. ती डोळे उघडते, इथवर जमतं. मग किंचाळेल, निषादला ढकलेल, की आधी स्वतःचे हात बघेल? तिला बोलू दिलं तर ईराचं अख्खं प्रेम चोरीचा माल ठरतं. गप्प ठेवलं तर भाची मला विचारणारच.

तुझ्या बदलीचं ताईकडून कळलं. नवी जागा बरी असेल. वहिनींना नमस्कार. चिरंजीव चालायला लागले असतील. नसतील तर लागतील.

वही तुझ्याकडेच आहे ना? सातव्या प्रकरणाच्या समासात तू पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतंस आणि मी ते रागानं खोडलं होतं. पान उजेडात तिरकं धरलंस तर वाचता येईल. काय होतं ते कळव. लवकर कळव, ती अजून पुलावरच उभी आहे.

तुझा,
पम्या