माहिती दडवणारे प्राध्यापक

नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाने ‘नॅक’च्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) जुन्या अहवालाची फाइल मागितली, की ‘देतो नंतर’, ‘मला काही कल्पना नाही’, ‘वरून परवानगी नाही’ अशी उत्तरे मिळतात. संशोधक कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ज्ञान दडवण्याचे हेच तीन प्रकार मांडले होते: टोलवाटोलवी, अज्ञानाचे सोंग आणि सबब. असुरक्षित, मत्सरी स्वभावाची माणसे हातचे राखूनच वागतात, हे खरे. पण व्यवस्थाही त्याला खतपाणी घालते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीविषयीच्या २०१८ च्या नियमावलीत दोनपेक्षा जास्त लेखकांच्या शोधनिबंधात मुख्य लेखकाला ७० टक्के, तर इतरांना प्रत्येकी ३० टक्केच गुण! मग कोण कशाला विषय, विदा (डेटा) वाटून घेईल? नवख्याला हाताशी धरून शिकवणाऱ्याची नोंद बढतीच्या मूल्यमापनात ठळकपणे व्हायला हवी.

– एक प्राध्यापिका, सातारा