महसूलमंत्र्यांना खुले पत्र: पानं स्कॅन झाली, नावांची सूची कुठे आहे?

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

जात पडताळणीच्या पुराव्यासाठी जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल मागितली, तर एका तहसील कार्यालयातून नुकतंच उत्तर आलं: "सदर अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही." कोणत्या सालचा रुमाल (कापडात बांधलेलं दप्तर), किती पानं गेली, सोडून पाहिला कोणी, यावर एक अक्षर नाही. जुने अभिलेख घरबसल्या देऊ असं शासन सांगत आलंय, म्हणून हे जाहीरपणे लिहितो आहे.

साहेब, तालुक्याच्या दप्तरातून वंशावळ कशी जुळते ते एकदा पाहा. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर कंस केलेलं नाव आणि शेजारचा वर्तुळातला फेरफार क्रमांक शोधायचा. फेरफार वारसाचा असेल तर मयताचं नाव, मृत्यूची तारीख, मुलगे आणि सासरी गेलेल्या मुलीही सापडतात. जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले त्या एकत्रीकरणाच्या मागे गेलं की गट नंबर चालत नाही. मग भूमि अभिलेखमधून ९(३), ९(४) चा उतारा काढून जुना सर्व्हे नंबर मिळवायचा आणि त्यावर हक्क नोंदणी पत्रक मागायचं.

हे सगळं जमीन असलेल्यांचं. ज्या घराच्या नावावर गुंठाही नव्हता, त्यांनी संगणकावर कोणता नंबर घालायचा? स्कॅन केलेली पानं गाव आणि नंबरावर शोधायची सोय आहे, माणसाच्या नावावर नाही. शेतमजुराच्या, बलुतेदाराच्या घराचा मुख्य आधार नमुना १४ किंवा कोतवाल बुक, म्हणजे गावच्या कोतवालाकडची जन्म-मृत्यूची वही, आणि तेच नेमकं "जीर्ण".

ते मिळालं तरी वाचणं सोपं नाही. बाळाचं नाव बहुधा नसतंच. तारीख, बापाचं नाव, जात आणि "मुलगा" एवढंच. आडनावाऐवजी "रामा बिन सखाराम", कुठे "रामा वलद सखाराम", दोन्हींचा अर्थ सखारामचा मुलगा रामा. शाळेच्या दाखल्याशी ताडावं तर तिथे गुरुजींनी घातलेली १ जून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत. मराठवाड्यात कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे निजामकाळातल्या महसुली कालगणनेचं. त्यात ५९० मिळवल्यावर इसवी सन निघतं, १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. हे न कळणारा कर्मचारी "नोंद आढळून येत नाही" असं लिहून मोकळा होतो, आणि मुलाचा प्रवेश जातो.

अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा जात पडताळणीत मागितला जातो. मागणारं सरकार, आणि पुरावा कुजतो तोही सरकारच्याच कपाटात! तरी दोषी ठरतो तो अर्जदार. कोणत्या न्यायाने?

मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी तपासायला सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमली गेली, मोडी वाचक बसले, रुमाल सुटले. ते काम हवंच होतं. पण शोध फक्त कुणबी नोंदींचा होता. त्याच पानावरची माळी, धनगर, कोळी, महार घरं न टिपता पान उलटलं गेलं. तेच पान, तोच वाचक; आणखी चार रकाने भरले असते तर गावागावाची नावनिशी तयार झाली असती. आता तेच ठिसूळ कागद पुन्हा हाताळावे लागणार.

नमुना १४ आणि कोतवाल बुकाची गाववार सूची करा: साल, बापाचं नाव जसं लिहिलंय तसं, आडनाव असल्यास तेही, जात, पान क्रमांक. "जीर्ण" म्हणायचं तर रुमालाचा क्रमांक आणि पानांचे फोटो उत्तराला जोडणं बंधनकारक करा. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन ताबडतोब थांबवा. तसं पान पुन्हा सोडवता येत नाही. पातळ टिश्यू कागद लावून दुरुस्ती करून घ्या. आणि प्रत्येक जिल्ह्यात मोडी व उर्दू वाचणारी कायम पदं भरा. मानधनावर आणलेला वाचक मुदत संपली की जातो आणि रुमाल पुन्हा बांधले जातात.

आपला,
एक नागरिक