त्या पेटीतलं काही देऊन टाकू नकोस

बाळा,

परवा फोनवर तू म्हणालास की आई, शिफ्टिंगमध्ये ती मोठी पेटी कशाला न्यायची, सगळ्याचे फोटो काढू आणि बाकी देऊन टाकू. तेव्हा मी गप्प बसले, कारण बोलले असते तर रडायलाच आलं असतं. म्हणून लिहितेय.

त्यात पणजीची गोधडी आहे, आजीचं भरतकाम आणि क्रोशाचे रुमाल आहेत, मावशीआजीची वॉटरकलरची चित्रं आहेत. तुला त्यात जुनं कापड आणि कागद दिसतात कारण मी तुला कधी नीट बसवून सांगितलंच नाही. आजीचा एखादा रुमाल उलटा करून बघ. मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ, एक गाठ दिसायची नाही, दोऱ्याची टोकं टाक्यांखालून फिरवून लपवलीयत, आणि हे सगळं दिवसभराची कामं आटपल्यावर रात्री दिव्याखाली बसून, जिथे कुणी बघणार नाही तिथेसुद्धा. फोटोत ही मागची बाजू येत नाही रे. गोधडीचं वजनही येत नाही.

आणि एकाही वस्तूवर नाव नाही. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड म्हणून वस्ती आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून, जुन्या जीन्समधून गोधड्या शिवायच्या, थंडीत पांघरायला. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या, आणि कुठली कुणी शिवली ते लोकांना नावानिशी कळलं. आपल्या गोधडीला म्युझियम नकोय मला, पण पणजीचं नाव तरी तिच्यासोबत राहायला हवं.

माझ्या हातून एक नुकसान झालंय ते सांगते. मावशीआजीचं गुलाबी फुलांचं चित्र मी प्रेमाने खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं, रोज दिसावं म्हणून. दहाएक वर्षांनी फ्रेम उघडली तर फुलं जवळजवळ पांढरी झालेली, फक्त माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली झाकलेली बारीक पट्टी तेवढी गुलाबी होती. ती पट्टी बघून मला कळलं की मी काय घालवलंय. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, सावलीत ठेवलं तरी नाही, ते नुकसान साठतच जातं. म्हणून तू लावशील तेव्हा ऊन न येणाऱ्या भिंतीवर लाव, काच चित्राला चिकटू देऊ नकोस, आणि लॅमिनेशन किंवा सेलोटेप तर कधीच नको, टेपचा गोंद पिवळा पडतो आणि कागदात मुरतो.

कापडाला प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा अडकून बुरशी येते. स्वच्छ धुतलेल्या जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळ आणि मधून मधून घडी बदल, एकाच घडीवर दोरे तुटतात. गोधडी तर घडी न घालता गुंडाळीच करून ठेव.

पेटीत अगदी तळाशी आजीचं अर्धवट राहिलेलं एक भरतकाम आहे. पाच पाकळ्यांपैकी तीन भरल्यात. त्यातली सुई आणि रिंग मी काढली, सुईला गंज चढून डाग पडला असता आणि रिंगचा वळ कायमचा उठला असता, पण सुई जिथे होती तिथे एक सैल लाल दोरा ओवून ठेवलाय. ते पूर्ण करायचं नाही हं, कुणीच नाही, तिचा हात तिथे थांबलाय.

आता माझं एकच मागणं आहे. कुठला रुमाल कुणी विणला, कुठलं डिझाइन कुणाकडून शिकलं, हे आता फक्त मावशीआजीलाच माहितीये आणि ती थकलीये. तू ये, तिच्यासमोर एकेक वस्तू उघडू, तू तिचा आवाज रेकॉर्ड कर, मी चिठ्ठ्या लिहिते. चित्रांच्या मागे कडेला हलक्या हाताने पेन्सिलने लिहायचं, पेनची शाई झिरपते. निळ्या काठाचा एक रुमाल आहे, तो आजीचा की पणजीचा मला खरंच सांगता येत नाही. तो सगळ्यात आधी विचारू.

तुझी
आई