व्यसनातून सुटलेल्या बाईने डिस्चार्जनंतर जायचं कुठे?

संपादक महाशय, स.न.वि.वि.

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थ विरोधी दिन आला की पेपरात रॅलीचे फोटो येतात, शाळेची पोरं हात पुढे करून शपथ घेतायत वगैरे. चांगलंय. पण माझा प्रश्न वेगळाच आहे, जी बाई रीतसर ट्रीटमेंट पूर्ण करून बाहेर पडलीये ती डिस्चार्जच्या दिवशी बॅग घेऊन नेमकी जाणार कुठे?

पुरुष सुटून आला की दारात औक्षण होतं, बायको फॅमिली मीटिंगला येऊन येऊन थकलेली असते तरी येते. बाईचा नवरा सहसा येत नाही. आमच्या नात्यातल्या एकीचं जवळून बघितलंय, झोपेच्या गोळ्या आणि नंतर दारू, सासरचे म्हणाले माहेरी ठेवा, माहेरी वहिनी म्हणाली पोरं मोठी होतायत, भाड्याने खोली बघायला गेली तर घरमालकीण पहिलंच विचारणार मिस्टर काय करतात. शेवटी पुण्यात एका ख्रिस्ती सिस्टर (नन) लोकांच्या होस्टेलवर जागा मिळाली. संध्याकाळी सातला तिकडे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालायची, ही वारकरी घरातली, मागच्या बाकावर बसून हळू आवाजात हरिपाठ म्हणायची आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही. सातचीच वेळ तिची सगळ्यात वाईट असायची, त्या वेळेला चार माणसं शेजारी बसलेली असणं हेच तिचं औषध होतं असं ती आजही सांगते. (डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, ते पण लिहिते नाहीतर लोक अर्धंच वाचतात.)

आपल्याकडे दारू म्हटलं की बाई कुठे दिसते? मोर्चात. आडवी बाटली करायला, म्हणजे दुकान बंद करा असं मत द्यायला, मतदानाच्या रांगेत. गडचिरोलीपासून सगळीकडे बायकांनी दुकानं बंद करायला लावली, त्यांना सलामच. पण त्यामुळे पिणारी बाई गोष्टीत बसतच नाही. २०१९ च्या सरकारी सर्व्हेत, जो दिल्लीच्या एम्सने केला, दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के निघाल्या. आता सर्व्हेवाला दारात आणि सासू मागे उभी, कोण खरं सांगेल हो? मिश्रीला तर आपण व्यसनात धरतच नाही.

ट्रीटमेंटची सोय अगदी नाही असं नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, बायकांसाठी त्यांचा निशिगंध विभाग आहे. आणि धर्माच्या बाजूने बघायचं तर वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं, फादर असून अय्यंगार योग शिकवतात, सगळ्या धर्माचे लोक येतात. अडतं ते पुढे, राहण्याच्या जागेपाशी.

अमेरिकेत नॅशव्हिलला बेका स्टीव्हन्स नावाच्या एपिस्कोपल चर्चच्या धर्मगुरू बाईंनी १९९७ मध्ये रस्त्यावरच्या, वेश्याव्यवसायात आणि ड्रग्जमध्ये अडकलेल्या पाच जणींसाठी एक घर उघडलं. दोन वर्षं राहायचं, फुकट, जेवणखाण औषधपाणी समुपदेशन सगळं. पुढे थिसल फार्म्स म्हणून धंदा काढला, मेणबत्त्या, साबण, तेलं बनवून विकतात आणि त्याच बायकांना पगार मिळतो. मला त्यातली दोन वर्षं ही गोष्ट पटली. आपण महिन्याचा कोर्स करून म्हणतो झालं, आणि स्लिप झाली, म्हणजे पुन्हा एकदा घेतली, की म्हणतो तिला सुटायचंच नव्हतं.

आता आपल्याकडच्या देवस्थानांचं बोलू. भक्तनिवास आहेत, अन्नछत्रं आहेत, शिर्डीचं संस्थान तर हॉस्पिटल चालवतं. माळ घातली की दारू सुटते ही आपल्या गावागावातली जुनीच रीत आहे, विणेकरी बुवांच्या शब्दाला पोलिसापेक्षा जास्त वजन. मग दहा खोल्यांचं एक घर अशा बायकांसाठी का नको? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे येणारे मानसिक त्रासही येतात आणि हाफवे होमची (उपचारानंतर घरी परतायच्या आधी काही काळ राहायच्या घराची) जबाबदारी सरकारवर टाकलीये, तर सरकारने डॉक्टर आणि समुपदेशक द्यावा, ट्रस्टने छप्पर.

फक्त अटी पाहिजेत. भजनाला बसायची सक्ती नको, एकीने अल्ला म्हटलं काय आणि एकीने काहीच नाही म्हटलं काय. अंगारा देऊन सोडवणारे बुवा तर लांबच ठेवा, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू डॉक्टरशिवाय एकदम तोडली तर फिट येऊन जीव जाऊ शकतो. आणि राग मानू नका, पण 'चहात मिसळा, नकळत दारू सोडवा' असल्या जाहिराती आपले पेपरवालेही छापतात की.

बाकी कॉलनीतल्या हळदीकुंकवात, बचत गटात, भजनी मंडळात सुटलेल्या बायकांनीच जाऊन बोलावं, बाहेरचा वक्ता नको, कारण लपून पिणारी बाई व्याख्यानाला येत नाही पण वाण घ्यायला येते.

आमच्या इथल्या एका मंदिर ट्रस्टला मी मागच्या बाजूच्या बंद खोल्यांबद्दल लेखी अर्ज दिलाय. सेक्रेटरी म्हणाले पुढच्या मीटिंगमध्ये घेतो, विषयपत्रिका छापून झाली होती म्हणून 'आयत्या वेळचे विषय' मध्ये टाकलाय.

– एक वाचक, सातारा